नाक खाली!

परवा फराळाला बसलो असता भाची हळूच म्हणाली, "मामा, आईला सांगू नकोस हं. गेल्या महिन्यात माझ्या विमानाच्या इंजिनानं हवेतच दम सोडला."

माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

"अरे, सेस्ना १७२ काही दगडासारखं पडत नाही! १००० फुटांवरून दीडेक मैल तरंगत जातं. आधी नाक खाली करून वेग राखायचा. मग मोकळं शेत गाठायचं. उंची थोडी असली, तर धावपट्टीकडे मागं वळायचं नाही. तो मोहच घात करतो. मी भुईमूग काढलेल्या शेतात उतरले. चाकांना माती लागली, एवढंच!"

२० वर्षे मी वर्गात 'धैर्य' शब्द फोडून सांगतो आहे. त्याचा अर्थ मला आज कळला.

"काय रे कुजबुजताय?" स्वयंपाकघरातून ताईने विचारले.

"काही नाही. चकली छान झालीय."