शिशाची भावंडे

शिसे हा धातू मराठी मनात फारसा प्रतिष्ठित नाही. सोन्याला म्हणी आहेत, लोखंडाला आहेत, तांब्यापितळेला तर घराघरांत जागा आहे. शिशाच्या वाट्याला आली ती शिक्षा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी असे गौतमधर्मसूत्र सांगते. आपल्या बोलण्यात त्याचा ‘तापलेल्या शिशाचा रस’ झाला. शिसे आणि कथील यांच्या याच जोडीतून पुढे छापखान्याची अक्षरे ओतली गेली, आणि ज्यांचे कान बुजवायचे होते त्यांच्या हाती पुस्तक आले. इतिहास क्वचितच इतका नेमका न्याय करतो. पण या कुटुंबात तिसरे भावंडही आहे : बंदुकीची गोळी. अक्षर आणि गोळी एकाच कढल्यातून निघतात, हे आम्हांला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते. ते कळले अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, हरणांचा हंगाम तोंडावर आला असताना, शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही नवराबायको. आमच्यापैकी एकाचे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवून घरी आले की आधी राखेने, मग साबणाने हात धुवायचे आणि मगच मुलांना जवळ घ्यायचे, हा त्यांचा नेम होता. त्यांना कोणी रसायनशास्त्र शिकवले नव्हते. पण शिसे बोटांवरून घरात येते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या बोटांची काळी टोके हा आमच्या घरातला साहित्याशी असलेला पहिला संबंध होय.

आमचे शेजारी ऐंशीच्या घरातले. तरुणपणी ते एका स्थानिक दैनिकात लायनोटाइप चालवीत. या यंत्रात एकेक खिळा उचलावा लागत नसे. कळा दाबल्या की अक्षरांचे पितळी साचे रांगेत येत, त्यांच्यावर वितळलेला धातू दाबला जाई आणि अख्खी ओळ एका सळईच्या रूपाने बाहेर पडे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा २ जुलै १९७८ चा अंक अशा ओळींवर निघालेला त्या पत्राचा शेवटचा अंक. आमच्या शेजाऱ्यांच्या छोट्या पत्राने त्याआधीच यंत्रे भंगारात काढली. निघताना त्यांनी लाकडी खोक्यांत भरून ओळी घरी आणल्या, आणि त्या ओळींच्या ते आजवर गोळ्या ओतत आले.

लायनोटाइपच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. निव्वळ शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. हे मिश्रण त्याच्या कितीतरी आधी, २४० अंशांच्या आसपास पातळ होते, साच्याच्या कानाकोपऱ्यांत भरते आणि थिजताना फारसे आकसत नाही. अक्षराची कड धारदार उठावी म्हणून योजलेला हा गुण गोळीलाही उपयोगी पडतो. अडचण एवढीच की हा धातू कडक आणि ठिसूळ आहे. हरणाच्या अंगात शिरल्यावर गोळीने पसरावे, म्हणजे जखम मोठी होऊन मृत्यू लवकर येतो. फार कडक गोळी न पसरता आरपार जाते, किंवा हाडावर फुटते. म्हणून शेजारी एक भाग ओळींना तीन भाग मऊ शिसे घालतात. जुन्या नळांचे, छपरांच्या पत्र्यांचे. अक्षराच्या धातूत दया मिसळावी लागते, असे आम्ही एकदा म्हणालो. ते म्हणाले, ‘‘दया नव्हे, प्रमाण.’’ साहित्यिकांनी हे उत्तर भिंतीवर लावावे.

ओतण्याचे काम पाहण्यासारखे असते. पातेल्यात धातू चकाकू लागला की मेणाचा खडा टाकून ढवळायचे. धूर होतो, मळी वर येते, ती पळीने काढून टाकायची. जवळपास पाण्याचा थेंब असता कामा नये, कारण तो वितळलेल्या धातूखाली गेला तर क्षणात वाफ होऊन सारा रस अंगावर उडतो. साच्याचे दोन ठोकळे मिटवून वरच्या भोकातून धातू सोडायचा, तो थिजला की वरची पट्टी लाकडी दांड्याने ठोकून फिरवायची आणि ठोकळे उघडायचे. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला असेल तर ती पांढुरकी होते. सुरकुतलेल्या गोळ्या पुन्हा पातेल्यात. चांगल्या गोळीच्या खाचांत मेणाचे वंगण भरायचे आणि बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची. एका गोळीचे वजन १७० ग्रेन, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. एका संध्याकाळी शंभर गोळ्या होतात. हंगामात त्यांतल्या एकदोनच हरणावर उडतात. उरलेल्या नेम साधण्याच्या सरावात संपतात.

पण या कामाचा एक नियम आम्ही कुठल्याच शिकारी पुस्तकात पाहिलेला नाही. प्रत्येक ओळ पातेल्यात टाकण्यापूर्वी शेजारी ती वाचतात. अक्षरे उलटी असतात. त्यांना ती सुलटीसारखी दिसतात. जुळाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाही ही कला थोडी येते. इंग्रजी असो वा देवनागरी, उलटे वाचण्याची सवय तीच. डुकराच्या मांसाचा भाव, शाळेच्या सामन्याचा निकाल, कुणाच्या अंत्यविधीची वेळ. वाचून झाली की ओळ रसात बुडते. आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मीच ओतली होती. निदान एकदा वाचून तरी पाठवावी.’’

त्यांची बंदूक मार्लिन ३३६, १९४८ पासून निघालेली. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. या प्रकारातली सर्वांत गाजलेली बंदूक म्हणजे जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर १८९४. तिच्यासाठी १८९५ साली आलेले ‘थर्टी-थर्टी’ काडतूसच मार्लिनही खाते. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके ठिणगी पडते त्या जागी टेकलेले असते. म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते; टोकदार असेल तर धक्क्याने बंदुकीतच बार उडेल. घरी ओतलेली चपट्या नाकाची, जड, संथ गोळी या बंदुकीला जात्याच मानवते. तिचा पल्ला शंभर यार्डांच्या आसपास. त्याहून लांबचे हरीण जाऊ द्यायचे असते. ही मर्यादा शिकाऱ्याला जवळ जायला, वाट पाहायला आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी परतायला लावते.

आता थोडे मागे जाऊ. ९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैनिकांना वाचून दाखवण्यात आला. तो शिशाच्या खिळ्यांनी छापलेला होता. त्याच रात्री जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा पाडला. त्याचे शिसे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी नेण्यात आले. तिथल्या बायकामुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. अक्षर, पुतळा, गोळी : एकाच धातूचे तीन जन्म एका प्रकरणात.

या देशाचे आणि आपल्या भाषेचेही शिशाचे नाते आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने तिथे छापखाना काढला. टॉमस ग्रॅहम यांनी त्यासाठी देवनागरी टाइप घडवले. जावजी दादाजी लहान वयात त्याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला होते. पुढे १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, ज्याच्या टाइपाच्या देखणेपणाची शपथ आजही संस्कृतचे अध्यापक घेतात. राघवभट्टांच्या टीकेसह ‘शाकुंतल’ निर्णयसागरनेच छापले. त्या नाटकाच्या आरंभी राजा हरणामागे धावतो, तपस्वी आडवा येतो आणि राजा बाण उतरवतो. म्हणजे शिशाने त्या पानावर एक हरीण वाचवले आहे. आम्ही वर्गात हा प्रवेश शिकलो तेव्हा परीक्षेला प्रश्न येई तो राजाच्या स्वभावाचा; हरणाबद्दल कोणी विचारीत नसे.

आमच्या हरणाला तपस्वी भेटला नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीला शिकार ही जुन्या पुस्तकांतली गोष्ट वाटते. पेनसिल्व्हेनियात ती कॅलेंडरातली गोष्ट आहे. तिथे दर हंगामात साधारण चार लाख पांढऱ्या शेपटीची हरणे मारली जातात, तरी संख्या एवढी राहते की जंगलातली कोवळी रोपे वर येऊ शकत नाहीत. आम्ही अभ्यासक्रम केला, परवाने काढले आणि नारिंगी जाकिटे घालून थँक्सगिव्हिंगनंतरच्या थंडीत झाडाला टेकून बसलो. दुसऱ्या वर्षी साठ पावलांवर एक मादी आली. चाप आमच्यापैकी कोणी ओढला, ते आम्ही सांगत नाही. मांस दोघांनी खाल्ले. ती चाळीसेक पावले धावली आणि पडली. जवळ गेलो तेव्हा डोळे उघडे होते. शेजाऱ्यांनी टोपी काढली. आम्हांला मंत्र म्हणावासा वाटला, पण योग्य मंत्र कोणता ते सुचेना, आणि अयोग्य मंत्राहून गप्प राहणे बरे वाटले.

इथवर ही कथा शेजारधर्माची आहे. पुढचा भाग अवघड आहे. गोळी हरणात थांबत नाही. तिचे कण जखमेभोवती दूरवर विखुरतात; वेगवान गोळीचे शेकडो, आमच्यासारख्या संथ गोळीचे त्यामानाने कमी, पण असतात. खिमा केला की ते सगळीकडे मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात शिकाऱ्यांनी गरिबांसाठी दान केलेला हरणाचा खिमा आरोग्य खात्याने टाकून द्यायला सांगितला, तो याच कारणाने. रानात सोडलेली आतडी गरुड खातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ राज्यांतले बाराशेहून अधिक गरुड तपासले होते. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा सापडल्या. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद केली. पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी तशी बंदी नाही. तिथे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या हातावर सोडलेला आहे.

आमच्या हातात त्या डिसेंबरात चार वर्षांची मुलगी होती आणि शेजाऱ्यांनी कागदात बांधून आणलेला दहा पौंड खिमा. ती त्यांना मराठीतच ‘आजोबा’ म्हणते. दरवर्षी सर्वांत चांगला वाटा ते तिच्या नावाने आणतात. घरी आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये, हे आमच्यावरचे संस्कार. आणि लहान मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानलेले नाही, हे आमचे वाचन. दोन दिवस तो खिमा फ्रीजमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि गरुडांपासून सुरुवात केली, कारण मुलीपासून करण्याचा धीर नव्हता. त्यांनी मध्येच थांबवले. ‘‘छापखान्यातून घरी गेल्यावर हात धुतल्याशिवाय मी मुलांना उचलले नाही कधी,’’ ते म्हणाले. ‘‘हे तेच आहे ना?’’

पुण्यातले राखेने धुतलेले हात आणि पेनसिल्व्हेनियातले हे हात आमच्यासमोर एक झाले. दोन माणसे, जी कधी भेटली नाहीत, आयुष्यभर शिसे हाताळत होती आणि ते मुलांपर्यंत पोचू नये म्हणून दारात थांबत होती.

पुढच्या हंगामात त्यांनी तांब्याच्या गोळ्या विकत आणल्या. तांबे १०८५ अंशांना वितळते. ते गॅरेजमधल्या पातेल्याचे काम नव्हे. बंदूक तीच, जंगल तेच. पण त्या गोळीवर त्यांचा हात फिरलेला नव्हता, आणि हे त्यांना लागले, ते आम्हांला दिसत होते. ‘‘विकतच्या गोळीला वजन असते,’’ ते म्हणाले, ‘‘पण मला ते माहीत नसते.’’ याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. जे आपण स्वतः घडवतो त्याची जबाबदारी आपल्याला नीट कळते, हे खरे. आणि ती कळूनसुद्धा ते हातून सुटल्यावर कुठवर जाईल हे आपल्या ताब्यात नसते, हेही तितकेच खरे. लिहिणाऱ्यांना हे गोळ्या ओतणाऱ्यांइतके स्पष्ट कळते का, अशी शंका आम्हांला अलीकडे येऊ लागली आहे. आपले कण कुणाच्या ताटात जातात, हे तपासणारे खाते आपल्याकडे नाही.

शिल्लक ओळींची खोकी त्यांनी वितळवली नाहीत. ती आता आमच्या गॅरेजमध्ये आहेत, मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच फळीवर. अधूनमधून ते येतात, आम्ही एक खोके उतरवतो, ते दिव्याखाली एकेक ओळ धरून वाचतात आणि खोक्यात परत ठेवतात. मग तिघेही मोरीवर जाऊन हात धुतो, आणि मुलगी आतून विचारते, ‘‘आजोबा, आता आलं तर चालेल?’’