चावरा राघू

पोपटाविषयी आपल्या भाषेने फारसे चांगले बोलून ठेवलेले नाही. न समजता पाठ केलेले म्हणून दाखवले की ती पोपटपंची; आणि अलीकडे तर कोणाची फजिती झाली की त्याचा 'पोपट' होतो. संस्कृतात मात्र ह्या पक्ष्याचा रुबाब मोठा. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त शूद्रक राजाच्या सभेत कथा सांगतो तो पोपटच, आणि 'शुकसप्तती'त नवरा परगावी गेलेल्या बाईला रोज रात्री एक, अशा 70 गोष्टी सांगून घरात थोपवून धरणाराही पोपटच. मंडनमिश्रांच्या दारातले पोपट म्हणे वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालीत. ह्या विद्वान मंडळींपैकी कोणी कोणाला चावल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. ग्रंथकारांनी पोपट पाळलेले नसावेत. किंवा पाळले असलेच, तर पिंजऱ्यात पेरूची फोड सरकवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी असावे.

कारण पोपट चावतो. आणि 'चावतो' हाच शब्द इथे बरोबर आहे. कावळा टोचतो, कोंबडी चोच मारते, साप डसतो; पण पोपटाला आपण कुत्र्यामांजराच्या पंगतीला बसवून 'चावतो' म्हणतो. व्याकरण शिकवता शिकवता मला ह्या भेदाची गंमत वाटत आली आहे. भाषेने इथे शरीरशास्त्र अचूक हेरले आहे. बहुतेक पक्ष्यांची चोच म्हणजे चिमटा. पोपटाची चोच म्हणजे अडकित्ता. तिचा वरचा भाग कवटीला बिजागरीसारखा जोडलेला असतो, त्यामुळे तो वर उचलला जातो आणि खालच्या धारेवर येऊन बसतो. बदाम फोडायची ही हत्यारे. त्यांत आपले बोट सापडले की काय होते, हे ज्याचे त्याने अनुभवावे.

पण हा अडकित्ता नुसता फोडण्यासाठी नाही. पोपटाला चोच हा तिसरा पाय आहे. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे. त्यांनी फांदी धरायची, चोचीने वरची फांदी पकडायची आणि अंग वर ओढून घ्यायचे, अशी त्याची चढण्याची रीत. नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी ती आपले वजन पेलेल की नाही, हे तो चोचीने दाबून पाहतो. आपण हात पुढे करतो तेव्हा त्याच्या लेखी ती एक नवी फांदीच असते. तो चोच टेकवतो. आपल्याला वाटते, चावला! आपण दचकून हात मागे घेतो, फांदी हलते, आणि पडू नये म्हणून तो खरोखरच घट्ट धरतो.

इथे मला हटकून 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायातली पोपटाची नळी आठवते. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट येऊन बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा लोंबकळू लागतो. आणि पंख असूनही उडून जाण्याऐवजी नळी अधिकच घट्ट आवळतो. त्याला कोणी बांधलेले नसते, पण सुटत मात्र नाही. हा दृष्टांत जीवाच्या भ्रमासाठी आला आहे आणि वर्गात मी तो तसाच शिकवतो. पण पोपटाच्या बाजूने पाहिले तर त्यात मूर्खपणा कुठला? पायाखालचे हलले की आवळून धरायचे, हे झाडावर राहणाऱ्या जीवाचे पहिले शहाणपण. आपले हिसडणारे बोट ही त्याची नळीच होय. म्हणून जाणते लोक सांगतात की पोपटाने बोट धरले तर ओढू नये. हात शांतपणे किंचित खाली न्यावा. तोल सावरण्यासाठी तोच चोच सोडतो. हात जोराने मागे घेण्यात दुसराही तोटा असतो. चावले की हात जातो, हे त्याला एकदाच कळावे लागते. मग नको असेल तेव्हा हाच उपाय. आणि चावल्यावर आपण जी आरडाओरड करतो ती त्याला शिक्षा वाटत नाही, करमणूक वाटते. गोंगाट हा त्याच्या जातीचा आवडता व्यवसाय आहे. चोचीवर टिचकी मारणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्याने हाताची भीती तेवढी पक्की होते.

रानातला पोपट सहसा चावत नाही, ह्याकडे आमचे लक्ष जात नाही. ज्वारी हुरड्यात आली की आमच्या जालना जिल्ह्यात हिरवे थवेच्या थवे उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, डबे बडवतो, आणि पोपट खातो त्याच्या दुप्पट खाली टाकतो म्हणून शिव्या देतो. ह्या थव्यात दिवसभर कुरबुरी चालतात, पण रक्त फारसे निघत नाही. एकाने मान फुगवायची, चोच उघडून पुढे झेप घेतल्यासारखे करायचे. दुसऱ्याने फांदी सोडून उडायचे. भांडण संपले. पिंजऱ्यात ह्या व्यवहाराचा दुसरा अर्धा भागच नाहीसा होतो. इशारा देता येतो, पण उडून जाता येत नाही, आणि समोरच्या माणसाला तर इशाराच कळत नाही. उरते ती चोच.

इशारे मात्र ठरलेले असतात. अंगाची पिसे चापून बसवून पक्षी बारीक होऊन मागे रेलला तर तो भ्यालेला असतो. मानेची पिसे उभी राहिली, शेपटी पंख्यासारखी पसरली, तर तो रागावलेला. सर्वांत बोलका त्याचा डोळा. मोठ्या पोपटाच्या डोळ्याचा रंग फिकट असल्याने मधली काळी बाहुली लहानमोठी होताना स्पष्ट दिसते. ती भराभर आकसू-फुलू लागली की मनात काहीतरी उसळले आहे असे समजावे. आनंदही असेल, रागही असेल. तेव्हा हात लांब ठेवावा. हात वरून कधीच नेऊ नये. वरून येतो तो शिकरा, हे त्याच्या रक्तात आहे. पिसे झडून नवी येत असतात तेव्हा त्यांचे कोवळे कोंब दुखरे असतात. जागरण झाले तर तो चिडचिडा होतो, त्याला 10-12 तास काळोख आणि शांतता लागते. थंडी सरता सरता विणीचा काळ येतो, तेव्हा एरवी गरीब असलेला पक्षीही पिंजऱ्याचा कोपरा घर म्हणून राखू लागतो. अशा दिवसांत पाठीवरून हात फिरवण्याचे लाड टाळावेत. कुरवाळायचे तर फक्त डोके. आणि कधीही न चावणारा पक्षी एकाएकी चावू लागला तर स्वभाव बदलला म्हणू नये. कुठेतरी दुखत असेल, जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

आमच्याकडे ह्या सगळ्याचा दोष मिरचीवर ढकलतात. भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजाराचे गाव, तेव्हा जिल्ह्यात मिरचीची वाण नाही. पोपटाला हिरवी मिरची घाला म्हणजे जीभ सुटते, असे एक मत. मिरची खाऊन खाऊन तो तिखट होतो, असे दुसरे. दोन्ही मते मिरची खाणाऱ्या माणसांची आहेत. पक्ष्यांच्या तोंडात मिरचीचा जाळ ओळखणारी व्यवस्थाच आपल्यासारखी नसते. पोपटाला ती ढोबळी मिरचीइतकीच गोड! झाडाचाही त्यात फायदा, कारण पक्षी बिया न चावता दूरवर नेऊन टाकतात. अर्थात पोपट त्या फोडून खातो, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषींनी 1977 साली दुकानातून आणलेला ॲलेक्स नावाचा करडा आफ्रिकी पोपट 2007 साली मरेपर्यंत शंभरावर शब्द शिकला. रंग, आकार, संख्या तो ओळखी, त्याचे फार कौतुक झाले. मला त्याच्या दोन साध्या बोलण्यांचे अधिक वाटते. परीक्षेचा कंटाळा आला की तो 'नाही' म्हणे, आणि 'परत जायचंय' म्हणे. आमच्या राघूंना आम्ही 'राम राम' शिकवतो, 'पाहुणे आले' शिकवतो. 'नको' हा शब्द कोणी शिकवत नाही. तो त्यांना चोचीने सांगावा लागतो.

आमच्या शेजारी तात्या राहत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अंबड तालुक्यातले. त्यांच्याकडे एक राघू होता. पडलेल्या कडुलिंबाच्या ढोलीतले पिल्लू त्यांनी आणून हाताने भरवले, त्याला 25 वर्षे होऊन गेली होती. असे एकट्याने वाढलेले पिल्लू एका माणसालाच आपला थवा मानते. हा राघू तात्यांच्या चष्म्याच्या काडीवर चोच घाशी, त्यांच्या ताटातला भात खाई, आणि बाकी साऱ्या घराला चावे. सर्वांत जास्त सूनबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना. पाण्याची वाटी भरणे त्यांच्याकडे असल्यामुळे सतरा-अठरा वर्षे त्यांची तर्जनी कधी पुरती बरी झाली नाही. गंमत अशी की तात्या जवळ असले की राघू अधिकच चवताळे. पोपटांत हे नेहमीचे आहे; जोडीदार आणि परका एकाच वेळी समोर आले की तो जोडीदाराभोवती पहारा करतो.

तात्या गेले. राघूने छातीची पिसे उपटायला सुरुवात केली. पिंजऱ्याजवळ येईल त्याच्यावर झेप. तात्यांचा मुलगा म्हणाला, मोती तलावावर नेऊन सोडून देतो, पुण्य लागेल. मी त्याला सांगितले की हा पक्षी दोन दिवसही काढणार नाही. अन्न शोधणे त्याला ठाऊक नाही, शिकऱ्याला भिणे ठाऊक नाही, आणि परका म्हणून कावळे टोचतील ते वेगळेच. पण घरात ठेवणेही कायद्यात बसत नव्हते. आपल्याकडचे सगळे रानपोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. बाजारात उघड मिळतात ते ऑस्ट्रेलियाचे बजरीगार, ज्यांना आम्ही चुकीने लव्हबर्ड म्हणतो, आणि ज्यांना सर्रास 'कॉकटेल' म्हणतात ते कॉकटील. तात्यांना हा कायदा ठाऊक नव्हता, आणि गल्लीत कोणी बोललेही नव्हते.

निर्णय होत नव्हता, तोवर वहिनींनी एक केले. रोज दुपारी पिंजऱ्यापासून चार हातांवर मेथी निवडत बसू लागल्या. बोलायचे नाही, बघायचे नाही. आठ दिवसांनी तीन हातांवर. वाटी भरताना त्यांनी हाताऐवजी पळी वापरायला सुरुवात केली. मग पळीच्या टोकावर डाळिंबाचा एक दाणा. त्याने मान फुगवली की त्या मागे सरत, आणि मला वाटते हीच गोष्ट त्याला पटली. इतक्या वर्षांत त्याचे 'नको' पहिल्यांदाच कोणी ऐकले होते. चार महिन्यांनी तो पळीवर बसू लागला. पाचव्या महिन्यात हातावर. चोच टेकवली, वहिनींनी हात हलवला नाही, आणि तो चढला.

ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहानिमित्त आमच्या महाविद्यालयात एक वनाधिकारी व्याख्यानाला आले होते. त्यांना मी सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, स्वतः होऊन आणून द्या, काही त्रास होणार नाही. आमच्याकडे पशुवैद्य आहेत, दुसरे पोपट आहेत, उडायला मोठी जाळी आहे. मी घरी येऊन हे सांगितले. तात्यांच्या मुलाला हायसे वाटले. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री पिंजऱ्यावर तात्यांचे धोतर नेहमीप्रमाणे त्यांनीच पांघरले.

नेण्याच्या दिवशी मी बरोबर होतो. वहिनींनी पिंजऱ्याला सुतळीने एक वहीचा कागद बांधला होता. पहारेकऱ्याने तो मोठ्याने वाचला. सकाळी डाळिंब, रात्री कपडा, वरून हात घालू नये, मान फुगवली तर दोन पावले मागे व्हावे. पुढे एक ओळ खोडलेली होती, आणि तिच्याखाली लिहिले होते: चावला तर हात ओढू नका, त्याला पडायची भीती वाटते.