पट्टीवरचं नगर

आमच्या नगरला कोण गेलं हे पेपर यायच्या आधी टीव्हीवर कळायचं. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत असायची. वर एखादं जुनं गाणं चालू असो नाहीतर साडी सेंटरची जाहिरात, घरातल्या थोरांची नजर त्या पट्टीवर. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन, अंत्यविधी सकाळी नऊ वाजता, नालेगाव अमरधाम. त्याच्या पाठोपाठ, मध्ये हुंदक्याएवढीही जागा न सोडता, चि. अमुक यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त मित्रमंडळ. मग सावेडी उपनगरास उद्या पाणीपुरवठा होणार नाही. मग नेप्तीच्या बाजारातला कांद्याचा भाव. मग केडगावातून हरवलेली गाय, उजवं शिंग मोडकं, आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस. ओळीने सगळं. मरण, वाढदिवस, पाणी, कांदा, गाय.

त्याला आम्ही लोकल चॅनल म्हणायचो. शहरात असे दोनतीन असत, तालुक्याच्या गावी एखादं. त्यातल्या एकाची कंट्रोल रूम जवळून पाहिली होती. चितळे रोडमागच्या गल्लीत, गच्चीवरची पत्र्याची खोली. बाहेर छत्र्या, आत लोखंडी रॅक, रॅकवर प्रत्येक चॅनलला एक रिसिव्हर आणि एक मॉड्युलेटर, सगळे तापलेले, आणि त्यांच्यासाठी फिरणारा टेबल फॅन. माणसांना वारा नाही, यंत्रांना आहे. त्या रांगेत एका मॉड्युलेटरची वायर तेवढी छतावर न जाता खाली स्टुलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेली. झालं स्टेशन. तिथून निघालेली केबल कडुनिंबाच्या फांद्यांतून, विजेच्या खांबांवरून, याच्या गच्चीवरून त्याच्या गॅलरीत जात जात घरोघरी पोहोचायची आणि दूरदर्शनच्या शेजारी आमच्या गल्लीचा गणपती दिसायचा.

कॉम्प्युटरवर श्रीलिपीत पट्टी टाईप करणारा मुलगा कॉलेजात जाणारा होता. लोक चिठ्ठी आणून द्यायचे, तो बडवायचा. एकदा त्याने शुभेच्छांच्या ओळीत ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ टाकलं. ज्यांचा सत्कार होता ते गृहस्थ सकाळी स्वतः तीन जिने चढून आले, धाप लागलेली, आणि म्हणाले, मी आहे अजून. त्यांना चहा पाजला. दिवसभर पट्टीवर फुकटात चाललं की ते सुखरूप असून हितचिंतकांनी काळजी करू नये. त्या दिवशी त्यांच्याकडे भेटायला आलेल्यांची रांग लागली म्हणतात. इतकी माणसं वाढदिवसालाही आली नसती.

पण वर्षातल्या दोन रात्री खऱ्या. मोहरमच्या कत्तलच्या रात्री कोठल्यातून सवारी निघायची, आणि अनंत चतुर्दशीला माळीवाड्याचा विशाल गणपती मानाने पुढे असायचा. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस, त्याच्या मागे वायरचं भेंडोळं सांभाळणारा दुसरा. चित्र हलायचं, आवाज फाटायचा, ढोल पथक जवळ आलं की निवेदकाचं एक अक्षर कळायचं नाही. तरी सगळं गाव जागं. ज्यांचे गुडघे गेलेत ते पलंगावरून, जे मिरवणुकीत आहेत त्यांची आई स्वयंपाकघराच्या दारातून. ‘तो बघ, तो बघ’ एवढंच त्या कार्यक्रमाचं समीक्षण. त्या कॅसेटी पुढच्या वर्षी पुसून पुन्हा वापरल्या जात. कॅसेट महाग, मिरवणूक दरवर्षीची.

या चॅनलचा परवाना कुठला? तर नव्हताच. 1995च्या केबल कायद्याने केबलवाल्याला मुख्य टपाल कचेरीत 500 रुपये भरून दरसाल नोंदणी करावी लागे. तो कागद केबलच्या धंद्याचा. त्याच वायरीत सोडलेल्या स्वतःच्या चॅनलचा वेगळा परवाना नव्हता. करमणूक कराच्या शाखेला जोडण्यांच्या आकड्याशी मतलब असे, गायीच्या मोडक्या शिंगाशी नसे.

अमेरिकेत निदान कागद होते. तिथल्या कमी ताकदीच्या छोट्या स्टेशनांना जुनं प्रक्षेपण बंद करायला 13 जुलै 2021 ही शेवटची तारीख दिली होती. डिजिटल झाला नाहीत तर परवाना गेला. तो सरकारी वहीतून खोडला जातो, त्याची नोंद राहते. आपल्याकडे प्रसार भारतीनेही जमिनीवरून चालणारे जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले, शेवटचे टप्पे 31 ऑक्टोबर 2021 पासून 31 मार्च 2022 पर्यंत. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 तेवढे ठेवले. दूरदर्शनच्या मनोऱ्यांना जाहीर नोटीस मिळाली. आमच्या पत्र्याच्या खोलीला ती कोण देणार?

तिचं झालं ते असं. केबल डिजिटल करायचा कायदा 2011 मध्ये आला. मुंबई 2012ला झाली, पुणे-नाशिक 2013ला, उरलेली शहरं तिसऱ्या टप्प्यात, 31 डिसेंबर 2015. नगर त्यात. खेडी चौथ्या टप्प्यात, 2017च्या मार्चपर्यंत. तारखा पुढे ढकलल्या, कोर्टबाजी झाली, टीव्हीवर सेट टॉप बॉक्स बसले. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं, हे मान्य करायलाच हवं. मात्र आता सगळे चॅनल मोठ्या कंपनीच्या केंद्रातच कुलूपबंद होऊन निघतात आणि बॉक्समध्ये उघडतात. मधल्या वायरीत कुणाला काही घालता येत नाही. गच्चीवरचा मॉड्युलेटर जागच्या जागी मुका झाला. कुणी बंदी घातली नाही, छापा नाही, सील नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी फायबरने आपलं चित्र त्या केंद्रापर्यंत नेलं, भाडं भरलं, आणि एखाद्या लांबच्या नंबरावर जागा मिळवली. बाकीचे गेले.

नियम आले 30 नोव्हेंबर 2022ला, घर रिकामं झाल्यावर. मोठ्या केबल कंपनीला स्वतःची चॅनल दाखवायची तर प्रत्येकाची नोंदणी 1,000 रुपये. फी काही जास्त नाही. बातम्या द्यायच्या तर मात्र कंपनी म्हणून नोंद हवी. 90 दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं. जिल्ह्यासाठी म्हणून दोन चॅनल जादा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा जिल्हा आमचा, 14 तालुके, अकोल्याच्या भातखाचरापासून जामखेडच्या ज्वारीपर्यंत. आणि एका कंपनीचा कार्यक्रम दुसरीला देता येणार नाही, मंदिर-गुरुद्वारासारख्या ठिकाणांचं थेट दर्शन सोडून. म्हणजे शिर्डीची काकड आरती सगळ्यांना मिळून दाखवता येईल; नेप्तीचा कांदा ज्याचा त्याने दाखवायचा. साईबाबांबद्दल तक्रार नाही, पण ज्याने हे कलम लिहिलं त्याने कांदा विकला नसावा.

त्या ऑपरेटरांपैकी एकजण आता आमच्या भागात फायबरचं इंटरनेट देतो. बॉक्सचे पैसे घ्यायला अजून दारात येतो. मी म्हटलं, “जिल्ह्याला दोन चॅनल मिळतात म्हणे, बघा की एखादं.”

“सर, कंपनी काढा, सीए धरा, तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग सांभाळा. आन् दाखवायचं काय? माणूस गेला की पोरं अर्ध्या तासात ग्रुपवर टाकत्यात.”

मी त्याला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं सांगितलं. त्यांच्या भजनी मंडळातली मैत्रीण भिंगारला वारली, यांना तेरावं उलटून गेल्यावर कळलं. त्या कुठल्याच ग्रुपवर नाहीत. टीव्ही दिवसभर चालू असतो.

तो जरा थांबला. “त्यांची पट्टी माझ्याकडेच असायची,” म्हणाला, “रामनवमीच्या भजनाची. दरवर्षी घासाघीस करायच्या.” मग मोबाईल पुढे केला. “स्कॅन करता का कॅश देता?”