मधला डबा

दुसऱ्याच्या छंदास हंसण्याची खोड आमच्या घराण्यांत पूर्वापार आहे. आणि ती आमच्या ठायीं अंमळ अधिकच उतरली, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

आमचे थोरले बंधू, दादा, १९६६ सालीं नोकरीनिमित्त लंडनला गेले व तेथेंच राहिले. कचेरींत जातां-येतां ते भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवरील तांबड्या गाडीनें प्रवास करीत. ही गाडी १९३८ सालीं सेवेंत आली. तिच्या आधींच्या गाड्यांत विजेचीं यंत्रें चालकाच्या मागें मोठी जागा अडवून बसत. या गाडींत तीं फरशीखालीं बसविलीं आणि ती जागा उतारूंना मिळाली. लंडनमधील तिची सेवा १९८८ सालीं संपली. कांहीं डबे मात्र आइल ऑफ वाइट या बेटावर २०२१ पर्यंत धांवत होते.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर दादांनीं या गाडीची प्रतिकृति करावयास घेतली. माप एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळ गाडीचा शहात्तरावा हिस्सा. या मापानें जवळजवळ बारा फूट व्यासाचें भुयार लहानशा वाटीच्या तोंडाएवढें होतें. आम्हांस वाटे, अशीं खेळणीं कारखान्यांतून तयार येत असतील. दादांनीं पत्रांतून कळविलें कीं, मोठे कारखाने वाफेच्या इंजिनांच्या मागें. भुयारी गाडीला गिऱ्हाईक थोडें. म्हणून तिचे भाग करणारे बहुधा एकेकटे गृहस्थ, घरामागच्या खोपटांत बसून काम करणारे.

या कामाची रीतहि त्यांनीं लिहिली होती. प्रथम पितळ किंवा प्लॅस्टिकचा एक अस्सल नमुना हातानें घडवावयाचा. त्याभोंवतीं सिलिकॉन रबर ओतून सांचा करावयाचा व त्यांत दोन द्रवांचें मिश्रण ओतावयाचें. तें कांहीं मिनिटांत घट्ट होऊन डब्याचें अंग तयार होतें. मिश्रणांत हवेचा बुडबुडा राहिला तर खिडकीच्या चौकटीस खळगा पडतो. चाकांच्या चौकटींचे बाजूचे भाग लवकर वितळणाऱ्या पांढऱ्या धातूचे. दारें-खिडक्यांचे पातळ पत्रे पितळेचे, रसायनानें कोरून काढलेले. रबरी सांचा कांहीं डझन प्रति निघाल्या कीं फाटूं लागतो. मग नवा सांचा करावा लागतो, आणि करणाऱ्याचे हात थकले कीं तोहि होत नाहीं.

दादांनीं तीन डब्यांचा संच योजिला होता : दोन टोकांस चालकाचे डबे व मध्यें एक बिनमोटारीचा. खालीं हातभर लोहमार्गहि केला. त्यास रूळ चार. दोन चाकांचे, दोन विजेचे, त्यांतील एक बाहेरच्या अंगास व दुसरा मधोमध. हें सर्व वाचून आम्हीं त्यांस उलट टपालीं लिहिलें कीं, "साठी उलटलेल्या माणसानें पौंड मोजून खेळणीं घ्यावीं, आणि इकडे वडिलांच्या वाड्याचें छप्पर गळावें, हें शोभत नाहीं." दादांनीं उत्तर दिलें नाहीं. महिन्याभरानें छपरासाठीं पैसे आले. आम्हीं कौलें बदललीं आणि पत्र विसरलों.

दादा गेल्या वर्षीं वारले. दिवाळींत वहिनी पुण्यास आल्या, तेव्हां त्यांनीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्यापुढें ठेवला. आंत गाडीचे दोनच डबे, चार रुळांचा तो तुकडा आणि एक हिशेबाची वही होती. वहींत प्रत्येक भागाची किंमत व मापें दादांच्या बारीक अक्षरांत लिहिलेलीं. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. पहिली : "वाड्याचें छप्पर, पैसे पाठविले. मधला डबा पुढील वर्षीं." दुसरी, पुढच्या वर्षाची : "म्हाताऱ्यानें काम थांबविलें. सांचे फाटले." पुढें पानें कोरीं.

आम्ही बराच वेळ तें पान उघडें धरून बसलों. चहा निवला तरी कोणी कांहीं बोललें नाहीं. अखेर आमच्या नातवानें वही मागून घेतली. हल्लीं असे भाग करणारांपैकीं कित्येकजण संगणकावर आकृति काढून यंत्रानें डबा छापून घेतात. त्या यंत्रांत प्रकाशानें घट्ट होणारें द्रव्य थरावर थर चढत जातें. दादांच्या मापांवरून त्यानें आकृति काढली. पहिला डबा वांकडा निघाला, दुसऱ्याचें छत चिरलें. तिसरा बरा साधला. त्याच्या अंगावरील थरांच्या रेघा बारीक कागदानें घांसण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. आठ दिवस घांसलें. बोटें सोललीं, तेव्हां दादा रात्री जागून काय करीत असतील, याची थोडी कल्पना आली.

तांबडा रंग देऊन डबा मध्यें जोडला. पाहतों तों खिडक्यांची ओळ शेजारच्या डब्यांहून केसभर वर! नातू पुन्हां करूं म्हणाला. वहिनींनीं चष्मा पुसून गाडी निरखिली व म्हणाल्या, "राहूं द्या, भावजी. मागाहून आला आहे, तो मागाहून आलेलाच दिसूं द्या."

ती गाडी आतां माजघरांतील कोनाड्यांत, चार रुळांवर, त्याच छपराखालीं उभी आहे. यंदाच्या पावसांत छप्पर कोठेंहि गळलें नाहीं.