मोजणीत धरलेला कुत्रा

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि लाखो माणसं पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या सीमांकडे निघाली. गाड्यांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांबल्या. अनेकांनी गाडी वाटेतच सोडून उरलेलं अंतर पायी कापलं. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुत्रा किंवा मांजर, असं दृश्य त्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसायचं. त्यात आपल्याकडची मेडिकल शिकणारी मुलंही होती.

आमच्या स्टाफरूममध्ये यावरून वाद झाला. एक सर म्हणाले, "माणसं मरतायत आणि यांना कुत्र्याचं पडलंय!" एका बाईंनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्यात तर कुत्रा चालतच नाही ना?"

दोन्ही प्रश्न वाटतात तेवढे सोपे नाहीत.

आधी सीमेचं बघू. युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर साधारण काळात नियम कडक असतात. शरीरात मायक्रोचिप हवी, रेबीजची लस हवी. युक्रेनसारख्या देशातून येणार असाल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं मिळून चार महिने! हे नियम उगाच केलेले नाहीत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, हे आपल्या देशाइतकं कुणाला कळणार? पण बॉम्ब पडत असताना चार महिने कोण थांबणार? शेजारच्या देशांनी अटी शिथिल केल्या, जनावरांना आत घेतलं आणि लस, चिप नंतर दिली. भारत सरकारनेही युक्रेनहून परतणाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांसाठी एकवेळची सवलत दिली. धोका नाकारला नाही, फक्त कागद मागे आणि जीव पुढे ठेवला.

आता "तुमच्यात चालत नाही"चं. माझं माहेर कोकणातलं, आम्ही शाफई. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने, हे लहानपणीच शिकवलेलं. सासर सोलापूरकडचं, हनफी. तिथे कुत्र्याची लाळ नापाक, पण नुसता अंगाला घासून गेला तर कपडे बदलायची गरज नाही. मालिकी फिकहमध्ये तर कुत्रा मुळात पाकच मानला आहे. एकाच दीनमध्ये इतकी मतं आहेत. शिकारी आणि राखणीच्या कुत्र्याला सर्वांनीच परवानगी दिली आहे. पण धुण्याचा नियम म्हणजे तिरस्काराचा हुकूम, असं कुठल्याच इमामाने म्हटलेलं नाही. माझी अम्मी मागच्या दारी रोज भाकरीचा तुकडा टाकायची. कुत्र्याचं भांडं वेगळं असायचं, पण ते कधी रिकामं नसायचं.

तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना सांगतोच. अल्लाहने त्याला त्या एका कामासाठी माफ केलं. आणि सूरह कहफ तर बहुतेक घरांत दर जुम्म्याला पढली जाते. जुलमी सत्तेपासून ईमान वाचवायला घर सोडून निघालेले ते तरुण आजच्या भाषेत निर्वासितच. त्यांच्यासोबत कुत्रा होता. गुहेच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. ते किती होते याबद्दल लोकांचे अंदाज कुरआनमध्ये आले आहेत. तीन, पाच की सात. पण प्रत्येक अंदाजात शेवटी कुत्राही मोजला आहे.

२०१५ मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावर सिरियाचा एक कोवळा मुलगा पिल्लू घेऊन उतरला होता. ती बातमी वाचताना मला हीच सूरह आठवली होती.

राहिला स्टाफरूममधला पहिला प्रश्न. त्यात एक खरी जखम आहे. युक्रेनच्या सीमेवर आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना मागे ढकलल्याच्या तक्रारी आल्या. आफ्रिकन युनियनने त्याचा जाहीर निषेध केला. एकाच्या कुत्र्याला वाट मिळते आणि दुसऱ्याला माणूस असूनही थंडीत उभं केलं जातं, तेव्हा राग येणारच. सिरियाच्या, अफगाणिस्तानच्या माणसांसाठी युरोपीय संघाने कागदाच्या अटी इतक्या लवकर सैल केल्या नाहीत, हेही खरं.

पण तो हिशोब कुत्र्याकडून का वसूल करायचा? दया मोजून ठेवलेलं रेशन नाही, की याला दिली तर त्याला कमी पडेल. युक्रेनच्या सीमेवर एवढं तर सिद्ध झालं की चार महिन्यांचा नियम मनात आणलं तर एका दिवसात बाजूला ठेवता येतो. मग प्रश्न विचारायचा तो सीमेवरच्या हाकिमांना: माणसासाठी तुमच्या मनात हे कधी येतं?

मी त्या बाईंना एवढंच म्हटलं, "आमच्यात कुत्रा घरात येतो की नाही, यावर मतं आहेत. त्याला संकटात सोडून निघावं की नाही, यावर नाहीत."