बाटलीत काय आहे?

फ्रान्समधल्या काही वाइनच्या बाटल्यांवर २०२०पासून एक नवा शिक्का दिसायला लागला. 'व्हँ मेथोद नातुर', म्हणजे नैसर्गिक पद्धतीनं केलेली वाइन. त्याच्या अटी वाचायला सोप्या आणि पाळायला अवघड आहेत. द्राक्षं सेंद्रिय हवीत आणि हातानं तोडलेली हवीत. यीस्ट पाकिटातलं नको, द्राक्षासोबत मळ्यातून आलेलं हवं. बाहेरून काहीही घालायचं नाही. सूट आहे ती फक्त थोड्या सल्फाइटची. तेही लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, आणि घातलं असेल तर शिक्क्यातच तसं सांगायचं. युरोपात एरवी ड्राय रेड वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण सल्फाइट मोजणं हीच माझी नोकरी आहे.

मी लोह्याची. नांदेडहून लातूरकडं निघालात की रस्त्यावर लागतं ते लोहा. नाव ऐकलं नसेल तर माळेगावची जत्रा तरी ऐकली असेल. खंडोबाची, घोड्या-उंटांच्या बाजाराची, तमाशांची. ते माळेगाव आमच्याच तालुक्यातलं. आमच्याकडं सोयाबीन, कापूस, तूर. द्राक्ष दिसतं ते हातगाड्यावर. परभणीला फूड टेक्नॉलॉजी केलं आणि नोकरी लागली नाशिक जिल्ह्यातल्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये.

पहिल्या वर्षी आईनं विचारलं, "तू दारू बनवतीस का तपासतीस?"

"तपासते."

"मंग तेवढंच सांगत जा."

आपल्याकडं द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये तो ऑगस्टच्या शेवटापासून पुढं. त्यामुळं तिकडं मळे झोपलेले असतात तेव्हा तिकडची शिकाऊ पोरं इकडं कामाला येतात. गेल्या हंगामात अशीच एक मुलगी आली होती, बोजोलेतली. येताना तिनं तिच्या गावातल्या एका वाइनवाल्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्याची जमीन सात हेक्टर, म्हणजे सतरा एकर. घरची माणसं आणि तोडणीपुरते मजूर, एवढंच मनुष्यबळ. मला हसू आलं. सतरा एकरवाला आमच्याकडं मोठा शेतकरी, पण त्याच्या मालावर त्याचं नाव कधी लागत नाही. मोंढ्यात पोतं उतरलं की सोयाबीन सगळ्यांचं एकच. ह्याच्या बाटलीवर मात्र त्याचं नाव, गावाचं नाव, वर्ष, सगळं होतं.

ग्लासात ओतली तर रंग फिका आणि जरा गढूळ. आमच्या टाकीत असा गढूळपणा दिसला असता तर मी लगेच फिल्टरवाल्यांना फोन केला असता. वास आधी थोडा विचित्र आला, मग करवंदांसारखा. चव आंबटसर, हलकी. मी दोन घोट घेतले, नोंदवहीत लिहिण्यापुरते. मला ती फार आवडली असं नाही. पण तिच्यात काय काय आहे हे तो माणूस एका ओळीत सांगू शकत होता, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना.

ह्या प्रकाराचं मूळ त्याच बोजोलेत आहे. तिथं ज्यूल शोव्हे नावाचे गृहस्थ होते, १९०७चा जन्म. वाइनचे व्यापारी आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक. महायुद्धानंतर तिकडच्या मळ्यांत रासायनिक खतं आणि तणनाशकं आली, वाइनमध्ये पाकिटातलं यीस्ट आलं. शोव्हे मात्र मळ्यातल्या यीस्टवर आणि सल्फरशिवाय वाइन कशी टिकेल ह्यावर प्रयोग करत राहिले. त्यांना ऐकणारी माणसं १९८०च्या आसपास मिळाली. मार्सेल लापिएर हा त्यातला एक. व्हिलिए-मोर्गोंचा शेतकरी, १९७३ साली घरचा मळा त्याच्या हाती आला होता. शोव्हे १९८९ साली गेले, लापिएर २०१० साली. आज जगभर नॅचरल वाइनची जी चलती आहे, तिच्या मुळाशी ही माणसं आहेत.

आणि ती ज्या द्राक्षाची करतात त्या गामेला तर १३९५ साली शेजारच्या बर्गंडीच्या ड्यूकनं हलकं ठरवून हद्दपार केलं होतं. उपटून टाका म्हणून हुकूम काढला होता. राजदरबारानं टाकलेलं पीक गरीब डोंगरउतारांवर टिकलं.

लॅबमधल्या माणसाला ह्यात एक भीती दिसते, तीही सांगते. द्राक्षाच्या सालीवर आणि कोठारात यीस्टच्या कितीतरी जाती असतात. त्यांतल्या बऱ्याच थोडं अल्कोहोल तयार झालं की मरतात आणि पुढचं काम सॅकरोमायसीस नावाची जात करते. सगळं नीट झालं तर उत्तम. नाही झालं तर शिरका होतो, नाहीतर घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. पाकिटातलं यीस्ट आणि सल्फाइट हा त्यावरचा विमा आहे. उन्हाळ्यात आमच्या बाटल्या ट्रकमधून नांदेडला जातात तेव्हा तिथं बेचाळीस अंश तापमान असतं. त्या बाटलीत सल्फाइट नसेल तर काय होईल, हे मला माहीत आहे. म्हणून मी ते मोजते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण आपोआप आंबणारं पेय मी पहिल्यांदा बोजोलेच्या बाटलीत पाहिलं नाही. आमच्याकडं ओढ्याकाठी शिंदीची झाडं असतात. झाडाला खाच पाडून मडकं बांधलं की रात्रभर रस गळतो. भल्या पहाटे तो गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की तिला फेस येतो आणि तिची शिंदी होते. यीस्ट कुणी घालत नाही. ते हवेतून, मडक्यातून येतं. शोव्हेंनी ज्याचा अभ्यास केला ते हेच.

तरी शिंदीवर कुणाचं नाव लागलं नाही. लागली ती सरकारची मोहोर. निजामाच्या राज्यात आबकारी हे तिजोरीचं मोठं उत्पन्न होतं. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली, निजामाचा महसूल बुडावा म्हणून. १७ सप्टेंबरला शाळेत आम्हाला हे अभिमानानं सांगायचे. पुढं सीमेपलीकडं तेलंगणात आणि इकडंही शिंदीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची औषधं मिसळण्याचे प्रकार होत राहिले. म्हणजे जे मुळात खरोखर नैसर्गिक होतं, त्याच्यावर कुणाचाच विश्वास उरला नाही.

इथं मला मामाबद्दल लिहावं लागेल. मामा देशी प्यायचा. त्याच्या गावातल्या बायकांनी दुकान बंद करायचं ठरवलं, त्यात मामी पुढं होती. महाराष्ट्रात तसा नियम आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी निवडली की दुकान बंद. मामीच्या गावात बाटली आडवी झाली. गुलाल उधळला. आई तेव्हा माहेरी गेली होती, तीही नाचली.

काही महिन्यांनी प्लास्टिकच्या कॅनमधून यायला लागली. कुठून येते, कोण करतं, त्यात काय घालतं, कुणालाच माहीत नाही. मामा गेला तेव्हा मी नववीत होते.

त्यामुळं 'नॅचरल' हा शब्द ऐकून मी हुरळून जात नाही. द्राक्ष सेंद्रिय असलं तरी यीस्ट साखरेचं अल्कोहोलच करतं आणि यकृत त्याला अल्कोहोल म्हणूनच ओळखतं. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही ह्यावर महिनाभर भांडण झालं. माझ्या नोंदवहीत त्याचं उत्तर रोज असतं. साडेबारा टक्के, तेरा टक्के.

पण त्या सतरा एकरवाल्याकडून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्याची वाइन चांगली आहे की वाईट हे सोडा. काय घातलं, काय नाही घातलं हे तो सांगतो, आणि खाली नाव लिहितो. बिघडली तर लोक त्याच्या दारात जाऊ शकतात. मामाच्या कॅनवर कुणाचं नाव असतं, तर मामीला भांडायला एक दार मिळालं असतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा माझा बायोडेटा तयार झाला होता. आईनं त्यावर लिहून घेतलं होतं, 'नोकरी : खाद्यप्रक्रिया कंपनी, नाशिक'. खोटं नव्हतं. तिचाही हिशोब मला कळतो. भावाला दारूनं नेलं त्या बाईनं पोरगी वाइनरीत आहे हे पाहुण्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

मामी भाऊबीजेला आली होती. तिनं कागद वाचला आणि मला म्हणाली, "काय असतंय गं त्या तुमच्या बाटलीत?"

मी सांगितलं. द्राक्षाचा रस, यीस्ट, सल्फाइट, साडेबारा टक्के अल्कोहोल.

"ते सगळं तू लिहून ठेवतीस?"

"रोज. खाली सही करावी लागते."

मामी थोडा वेळ काही बोलली नाही. मग आईला म्हणाली, "वन्सं, लिहा की काय करायली ते. पोरगी सही करायलीय तिथं."

आईनं लगेच ऐकलं नाही. दोन दिवस घरात तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भावाला झेरॉक्सवाल्याकडं पाठवलं. आता कागदावर आहे, 'नोकरी : गुणवत्ता तपासणी, वाइनरी, नाशिक'.

तेव्हापासून दोन घरांनी पुढं फोन केला नाही. तिसऱ्या घरातल्या काकूंनी आईला विचारलं, त्यात काय काय असतं हो? आईनं फोन माझ्या हातात दिला.