गुरांची मालमोटार

कोणाचा जीव कोणत्या वस्तूवर जडावा, याचे काही शास्त्र नाही. कोणी जुन्या घड्याळांसाठी झुरतो, तर कोणी आजोबांच्या अडकित्त्यापायी सख्ख्या भावाशी अबोला धरतो. आमचे आयुष्य मुलांकडून शब्दरूपे आणि धातुरूपे घोकवून घेण्यात गेले. तेव्हा आमचा लोभ एखाद्या जीर्ण पोथीवर असावा, असेच कोणासही वाटेल. परंतु खरे सांगावयाचे तर आमचे मन लहानपणापासून गुंतले आहे ते विलायती मालमोटारींत. घरच्या मंडळींनी या छंदाची आजवर यथेच्छ थट्टा केली. तथापि त्याच छंदापायी उतारवयात आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट उमगली. ती फारशी भूषणावह नाही, म्हणूनच वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आमच्या बालपणी या गाड्यांचा काळ मावळतीस लागला होता, पण संपला नव्हता. १९४८ साली पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान सरकारी मोटारसेवा सुरू झाली. त्या आरंभीच्या काळात बेडफर्ड, लेलँड, आल्बियन, कॉमर, मॉरिस कमर्शियल अशी नाना कुळींची वाहने तिच्या पदरी होती. त्यांतील बहुतेक इंग्लंड-स्कॉटलंडची. पुढे मद्रासच्या एका कारखान्याने लेलँडशी सोयरीक केली आणि १९५५ साली अशोक लेलँड हे नाव रूढ झाले. आमच्या गावच्या आठवडे बाजारास एक जुनी बेडफर्ड लॉरी येई. तिच्या तोंडावर ठसठशीत रोमन अक्षरांत नाव होते. गुरुजींनी न शिकविता आम्ही स्वतः जुळवून वाचलेला इंग्रजी भाषेतील पहिला शब्द तो. बेडफर्डशायर परगण्यातील ल्यूटन गावी १९३१ साली या गाडीचा जन्म झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अडीच लाखांच्या घरात बेडफर्ड लॉऱ्या बाहेर पडल्या, हे आम्हांस फार पुढे कळले. त्या वयात एवढेच ठाऊक होते की, ती आली म्हणजे जेवण टाकून धावावयाचे.

तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता विलायतेस गेलो. त्यांचे बिऱ्हाड लँकेशायर परगण्यात प्रेस्टन शहरी आहे. तेथून दोन-तीन कोसांवर लेलँड नावाचे गाव आहे आणि त्या जुन्या कारखान्याच्याच एका इमारतीत १९८३ पासून मालमोटारींचे संग्रहालय आहे, हे ऐकून आम्ही काशीचे तिकीट मिळालेल्या म्हातारीसारखे हरखून गेलो. लेलँडच्या लोकांनी आपल्या लॉऱ्यांस जनावरांची नावे दिली होती. चार चाकांची ती बीव्हर, सहा चाकांची हिप्पो आणि आठ चाकांची ऑक्टोपस. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद. आठ चाकांच्या गाडीस याहून समर्पक नाव आमच्या वैयाकरणांसही सुचले नसते. एकीचे नाव ‘स्टीअर’. या शब्दाचा एक अर्थ खच्ची केलेला बैल, आणि दुसरा अर्थ वाहन वळविणे. या गाडीच्या पुढल्या दोन्ही आसांची चाके वळत असत. अलंकारशास्त्राचे पुस्तक न उघडता त्या कारखानदारांनी साधलेला हा श्लेष पाहून आम्ही तेथेच मोठ्याने हसलो, आणि पहारेकरी आमच्याकडे पाहू लागला.

या गाड्या दणकट, पण सावकाश चालणाऱ्या. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे होणारे गार्डनरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ११२ अश्वशक्तीचे. आजच्या मानाने ती शक्ती थोडकी, पण कमी तेलात वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालण्याविषयी त्याची ख्याती होती. अवजड लॉऱ्यांस ताशी २० मैलांहून अधिक वेग ठेवण्यास कायद्याचीच मनाई होती. १९५७ साली ती मर्यादा ३० मैलांवर गेली. या धंद्यात भाऊबंदकीही आपल्यासारखीच! सँडबॅच गावच्या फोडेन घराण्यात वाफ श्रेष्ठ की डिझेल, असा वाद पेटला. एडविन रिचर्ड फोडेन डिझेलचा पक्ष घेऊन घराबाहेर पडले आणि १९३३ साली त्यांनी स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांची ईआरएफ ही गाडी काढली. मूळ घरची फोडेन २००६ साली आणि वेगळी निघालेली ईआरएफ २००७ साली लोपली. साउथॉलचा एईसी कारखाना १९७९ साली आणि वॉटफर्डचा स्कॅमेल १९८८ साली बंद झाला. लेलँड गावी आजही मालमोटारी तयार होतात. पण त्यांच्यावर डॅफ हे नाव असते.

आता गुरांच्या वाहतुकीकडे वळतो. रेल्वे येण्यापूर्वी वेल्स आणि स्कॉटलंड येथील गुरे लंडनच्या स्मिथफील्ड बाजारापर्यंत पायी हाकीत नेत. त्या लांब वाटेसाठी बैलांच्या खुरांना नाल ठोकीत, आणि हंसांच्या कळपास आधी डांबरातून व मग वाळूतून चालवीत, म्हणजे त्यांच्या पायांस जणू वहाणाच होत. रेल्वेने हा हाकण्याचा धंदा बुडविला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी लॉऱ्या स्वस्तात विकावयास निघाल्या आणि सैन्यातून सुटलेल्या कित्येक शिपायांनी त्या घेऊन वाहतुकीचा धंदा मांडला. रेल्वे स्टेशनापर्यंतच जाई. लॉरी थेट गोठ्याच्या दारात येई. खेड्यातील लॉरीवाला मोठा हिकमती असे. गुरांसाठी केलेली लाकडी पेटी लॉरीवरून उचलून बाजूस ठेवता येई. मग तीच लॉरी दुसऱ्या दिवशी वाळला चारा नाही तर खताची पोती वाही. मेंढ्या न्यावयाच्या झाल्यास त्या पेटीत फळ्यांचे मजले चढत. शरद ऋतूत डोंगरावरील मेंढ्या थंडीपुरत्या सखल कुरणांत आणणे, एखाद्या शेतकऱ्याने गाव बदलल्यास गाईगुरांसह त्याचा सारा संसार हलविणे, ही कामेही त्याचीच. बॅनबरीसारख्या मोठ्या गुरांच्या बाजारात बाजाराच्या दिवशी अशा लॉऱ्यांची रीघ लागे. तो बाजारही १९९८ साली बंद पडला.

त्याच मुक्कामात चिरंजीवांनी आम्हांस कंब्रिया परगण्यातील एका खेड्याच्या जत्रेस नेले. हिरव्यागार मैदानावर जुन्या लॉऱ्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांत गुरांच्या लाकडी पेटीसह एक बेडफर्ड! १९६० च्या सुमारास निघालेला टीके नावाचा तो प्रकार. त्याचे इंजिन चालकाच्या आसनामागे असते. पितळ झळकत होते आणि हिरव्या रंगात तोंड दिसत होते. शेजारी घडीच्या खुर्चीवर तिचा मालक बसला होता. वयाने आमच्याहून दहा-बारा वर्षांनी वडील असावा. जन्मभर त्याने गुरेच वाहिली होती. आम्ही इंजिनाविषयी शंका विचारीत होतो, चिरंजीव दुभाषाचे काम करीत होते आणि म्हातारा खुलून बोलत होता. जनावर अंधारातून उजेडाकडे सुखाने जाते, उजेडातून अंधाऱ्या पेटीत शिरावयास मात्र बिचकते. फळीवर पेंढा पसरावा, म्हणजे पाय वाजत नाहीत. वळणावर चालकाने घाई केली की मागे एखादे जनावर पडलेच म्हणून समजावे. अशा कित्येक गोष्टी त्याने सांगितल्या.

एवढ्यात आमच्या कुटुंबाने हळूच विचारले, “पण या गाडीतून गुरे न्यायचे कोठे?”

प्रश्न साधा, पण आमची वाचा बसली. इतकी वर्षे या लॉऱ्यांचे आस, गिअर आणि अश्वशक्ती आम्ही तोंडपाठ केली. हा प्रश्न आमच्या मनास कधी शिवला नव्हता. चिरंजीवही भाषांतर करावयास घुटमळले. म्हातारा मात्र समजला. तो म्हणाला, काही कुरणात, काही बाजारात, आणि बरीचशी खाटिकखान्यात. त्यात लपविणे नव्हते, की दिलगिरीही नव्हती. मग थोडा थांबून तो २००१ सालाविषयी बोलू लागला.

त्या वर्षी इंग्लंडात गुरांना लाळ-खुरकुताची साथ आली. फेब्रुवारीच्या २० तारखेच्या सुमारास रोग उघडकीस आला. परंतु तत्पूर्वीच हेक्सम आणि लाँगटाउन येथील बाजारांतून रोगट मेंढ्या लॉऱ्यांतून दूरदूर पोचल्या होत्या. जी लॉरी शेतकऱ्याच्या दारी सोय घेऊन येई, तीच आता रोग घेऊन आली. साथ थोपविण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. कंब्रियास सर्वांत मोठा तडाखा बसला. त्या परगण्यातील ग्रेट ऑर्टन येथील जुन्या विमानतळावर खंदक खणून साडेचार लाखांहून अधिक जनावरे पुरली. रोगी कळपांच्या आसपासच्या मेंढ्याही सरकारने मारण्यासाठी तेथे आणविल्या. त्यांतील काही खेपा या म्हाताऱ्याने केल्या होत्या. “त्या मेंढ्यांना रोग नव्हता,” तो म्हणाला, “रोग शेजारी होता.” त्याच वर्षी त्याने आपली नवी मोठी लॉरी विकून टाकली आणि कोणाच्या तरी अंगणात गंजत पडलेली ही जुनी बेडफर्ड विकत घेतली. ग्रेट ऑर्टनची ती जागा आज वॉचट्री या नावाचे पशुपक्ष्यांसाठी राखलेले रान आहे.

निरोप घेताना त्याने मागली फळी उतरवून आम्हांस पेटीच्या आत नेले. बाहेरून नवरीसारखी नटविलेली ती गाडी आतून मात्र तशीच जुनी ठेवलेली होती. जमिनीच्या फळ्या खुरांनी झिजून खोलगट झाल्या होत्या आणि कडेच्या लाकडास अंगे घासून तुळतुळीत चकाकी आली होती. आत रंग का दिला नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “ते माझे नाही. ते त्यांचे आहे.”

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. त्या देशात आत डोकावून पाहणारे पूर्वीही निघाले होते. १९९५ साली ब्राइटलिंगसी बंदराच्या रस्त्यावर सामान्य गृहस्थ आणि गृहिणी जिवंत मेंढ्या-वासरे परदेशी नेणाऱ्या लॉऱ्यांना आडव्या झाल्या होत्या. आणि २०२४ साली कत्तलीसाठी जनावरे परदेशी धाडण्यास ग्रेट ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी झाली. आम्ही मात्र मांसास न शिवणाऱ्या घरात वाढून आणि जन्मभर भूतदयेवर निबंध लिहवून घेऊनही कधी आत पाहिले नव्हते. आणि पाहण्याचा प्रसंग आला नव्हता, असे मुळीच नाही.

१९७२ सालचा दुष्काळ. आमचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. विहीर आटली, कडबा संपला आणि घरची बैलजोडी विकण्याचे वडिलांनी ठरविले. हरण्या आणि सोन्या ही त्यांची नावे. त्यांना न्यावयास व्यापाऱ्याने लॉरी आणली, ती बाजाराची बेडफर्ड. आमच्या दारात बेडफर्ड! चालकाने आम्हांस उचलून आसनावर बसविले, भोंगा वाजवू दिला. तिचा निळा रंग, फुटक्या काचेवर चिकटविलेला कागद, तापलेल्या तेलाचा वास, फाळका बंद करतानाचा साखळीचा आवाज, हे सारे आम्हांस आज कालच्यासारखे आठवते. लॉरीमागे आम्ही ओढ्यापर्यंत आनंदाने धावत गेलो, हेही आठवते. आठवत नाहीत ते बैल. त्यांचे तोंड, त्यांची शिंगे, ते फळीवर कसे चढले, यांतील काहीच आठवत नाही. पन्नास वर्षे ती लॉरी आम्ही मनात घासूनपुसून लख्ख ठेवली, आणि आतल्या फळ्यांवरून मात्र रंगाचा हात फिरवून मोकळे झालो.

देशी परतल्यावर आम्ही थोरल्या भगिनीस, आमच्या अक्कास, विचारले. तिचे वय आता पंचाहत्तर. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, “अरे, हरण्याच्या डाव्या शिंगाचे टोक मोडलेले होते. तो फळीवर पाय टाकीना. मग अण्णांनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला, तसा तो चढला. सोन्या त्याच्या मागोमाग गेला. अण्णा संध्याकाळी जेवले नाहीत. तुला काहीच कसे आठवत नाही?”

आम्ही म्हणालो, “अक्का, लॉरी कोणत्या रंगाची होती?”

“लॉरी?” ती म्हणाली, “लॉरीकडे कोण पाहत होते?”